टर्मिनलवरून डेटाबेसमधली टेबल्स आणि कॉलम्स कशी बघायची: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नवीन जॉब लागला, नवीन प्रोजेक्ट मिळाला की पहिल्या आठवड्यात कुणीतरी सर्व्हरचा अॅक्सेस देतं आणि म्हणतं "डेटाबेस बघून घे". आत किती टेबल्स आहेत, कुठल्या टेबलात काय आहे याचं डॉक्युमेंट बहुतेक ठिकाणी नसतंच, असलं तरी जुनं असतं. सर्व्हरवर माऊसने क्लिक करायचं सॉफ्टवेअर नसतं, समोर नुसता काळा स्क्रीन असतो आणि तिथे काय टाइप करायचं हे कुणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. टेबल दिसत नाही म्हणजे टेबल नाही, असं नसतं. दहातल्या नऊ वेळा तुम्ही चुकीच्या डेटाबेसमध्ये असता, चुकीच्या स्कीमामध्ये (स्कीमा म्हणजे डेटाबेसच्या आतला टेबल्सचा कप्पा) असता, नावातल्या कॅपिटल-स्मॉलचा घोळ असतो नाहीतर परमिशन नसते.

कमांड्स मी इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे. म्हणजे \डीटी लिहिलंय तिथे बॅकस्लॅश आणि लगेच डी, टी ही दोन अक्षरं, मध्ये स्पेस नाही. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं स्मॉल.

सुरू करण्याआधी हातात काय हवं

- होस्ट, म्हणजे सर्व्हरचं नाव किंवा आयपी. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर लोकलहोस्ट.
- पोर्ट. पोस्टग्रेसचा नेहमीचा ५४३२, मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचा (मायएसक्यूएलमधूनच निघालेला, बराचसा तसाच डेटाबेस) ३३०६. कंपन्या बदलून ठेवतात, त्यामुळे विचारून घ्या.
- युजरनेम, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव. युजर आणि डेटाबेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही मागा.
- क्लायंट प्रोग्रॅम: पोस्टग्रेससाठी पीएसक्यूएल, मायएसक्यूएलसाठी त्याच नावाचा मायएसक्यूएल, एसक्यूलाइटसाठी एसक्यूलाइट३.
- जमलं तर फक्त वाचण्यापुरता, म्हणजे रीड-ओन्ली युजर. हे आवर्जून मागा, लाजू नका. टेबल्स बघायला लिहायची परमिशन लागतच नाही आणि लाइव्ह डेटाबेसवर नवीन माणसाच्या हातात डिलीटचा अधिकार असण्याची काही गरज नाही.

१. समोर कुठला डेटाबेस आहे ते आधी ओळखा

तिन्हींच्या कमांड्स वेगळ्या आहेत आणि काही ठिकाणी तर एकच कमांड दोन ठिकाणी वेगळं काम करते. पोस्टग्रेसमध्ये \सी म्हणजे दुसऱ्या डेटाबेसला कनेक्ट व्हा, मायएसक्यूएलमध्ये \सी म्हणजे अर्धवट टाइप केलेली क्वेरी रद्द करा. पोस्टग्रेसमध्ये \डी म्हणजे टेबलाची माहिती, मायएसक्यूएलमध्ये \डी ने क्वेरी संपवायचं चिन्हच बदलतं. एकाची सवय दुसरीकडे नेऊ नका.

अॅप्लिकेशनच्या कॉन्फिग फाइलमध्ये कनेक्शनची ओळ असते, तिच्या सुरुवातीलाच पोस्टग्रेस की मायएसक्यूएल ते लिहिलेलं असतं. होस्ट, पोर्ट आणि डेटाबेसचं नावही तिथेच मिळतं.

२. पोस्टग्रेसमध्ये आत शिरा

कमांड अशी: पीएसक्यूएल -एच होस्ट -पी पोर्ट -यू युजर -डी डेटाबेस. यातला यू कॅपिटल, बाकी स्मॉल. पासवर्ड तो स्वतःहून विचारेल, टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तरी टाइप होत असतं, करून एंटर मारा.

इथे पहिला अडथळा येतो. तुम्ही नुसतं पीएसक्यूएल टाइप केलंत तर तो गृहीत धरतो की युजरचं नाव म्हणजे तुमचं लिनक्सवरचं लॉगिन आणि डेटाबेसचं नावही तेच. मग "या नावाचा रोल नाही" किंवा "या नावाचा डेटाबेस नाही" असा एरर येतो आणि नवीन माणसाला वाटतं पोस्टग्रेसच बिघडलंय. काही बिघडलेलं नसतं, -यू आणि -डी द्यायचे राहिलेले असतात. दुसरा एरर म्हणजे "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड". याचा अर्थ सर्व्हर लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा युजर एकच आहे का ते तपासतोय. अशा वेळी -एच लोकलहोस्ट दिलं की बहुतेक सेटअपमध्ये तो पासवर्ड मागतो आणि काम होतं.

पासवर्ड कमांडमध्येच लिहायचा मोह होतो, लिहू नका, तो शेलच्या हिस्टरीमध्ये राहतो. रोज लागत असेल तर होम फोल्डरमध्ये .पीजीपास नावाची फाइल करा आणि तिची परमिशन ०६०० (फक्त तुम्हीच वाचू-लिहू शकता) ठेवा. यापेक्षा सैल ठेवलीत तर लिनक्सवर पोस्टग्रेस ती फाइल वाचतच नाही, आणि मग "फाइल आहे तरी पासवर्ड का विचारतोय" म्हणून लोक डोकं धरून बसतात.

डेटाबेस डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर आधी डॉकर एक्झेक -आयटी कंटेनरचं नाव, आणि त्याच ओळीत पुढे पीएसक्यूएलची कमांड.

३. आपण कुठे आहोत ते आधी विचारा

आत गेल्यावर पहिली कमांड \कॉनइन्फो. कुठल्या डेटाबेसला, कुठल्या युजरने, कुठल्या होस्टवर आणि पोर्टवर जोडलेले आहात ते हा दाखवतो. ही सवय लावाच. टेस्टिंगचा आणि लाइव्हचा डेटाबेस दिसायला अगदी सारखे असतात, टेबल्सची नावंही तीच, फरक फक्त होस्टमध्ये असतो.

मग प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायच्या जागेआधीचा मजकूर, नीट बघा. डेटाबेसच्या नावापुढे =# असेल तर तुम्ही सुपरयुजर आहात, म्हणजे काहीही करू शकता, म्हणजेच जपून. => असेल तर साधे युजर. आणि प्रॉम्प्ट बदलून -> झाला असेल तर तो तुमची ओळ पूर्ण व्हायची वाट बघतोय, शेवटी अर्धविराम (;) द्यायचा राहिलाय. '> दिसलं तर कुठेतरी अवतरण चिन्ह उघडं राहिलंय. नवीन लोक इथेच सर्वात जास्त अडकतात, एंटर मारत राहतात, काहीच होत नाही. कंट्रोल आणि सी दाबा, ओळ रद्द होते, पुन्हा लिहा.

नियम सोपा आहे, एसक्यूएलच्या क्वेरीला शेवटी अर्धविराम हवाच, बॅकस्लॅशवाल्या कमांड्सना लागत नाही.

युजर रीड-ओन्ली मिळाला नसेल तर लगेच हे टाका: सेट डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली = ऑन; आता त्या सेशनमध्ये चुकून अपडेट किंवा डिलीट लिहिलं गेलं तरी पोस्टग्रेस नकार देतो. सेशन बंद केलं की ही सेटिंग जाते, म्हणून दर वेळी टाकायची.

४. डेटाबेस, मग स्कीमा, मग टेबल्स

पोस्टग्रेसमध्ये तीन पायऱ्या आहेत: सर्व्हरमध्ये डेटाबेस, डेटाबेसमध्ये स्कीमा, स्कीमामध्ये टेबल.

\एल ने सगळ्या डेटाबेसची यादी येते. त्यात पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ हे तीन त्याचे स्वतःचे असतात, तुमचा डेटा सहसा त्यात नसतो. दुसऱ्या डेटाबेसमध्ये जायला \सी आणि स्पेस देऊन डेटाबेसचं नाव.

\डीएन ने स्कीमांची यादी. काही बदललं नसेल तर पब्लिक नावाचा एकच स्कीमा असतो, पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये पाच-सहा सहज असतात.

\डीटी ने टेबल्स. आता नीट वाचा: \डीटी सगळी टेबल्स दाखवत नाही. तुमच्या सर्च पाथमध्ये (पोस्टग्रेस आपणहून शोधतो त्या स्कीमांची यादी) जे स्कीमा आहेत तेवढ्यातलीच दाखवतो. अकाउंट्स नावाच्या वेगळ्या स्कीमामध्ये चाळीस टेबल्स असतील तरी नुसत्या \डीटी ने एकही दिसणार नाही, "काही सापडलं नाही" असं उत्तर येईल. अशा वेळी \डीटी अकाउंट्स.* असं लिहायचं. किंवा सरळ \डीटी *.* मारायचं, यात पोस्टग्रेसची स्वतःची आतली टेबल्सही येतात त्यामुळे यादी लांबलचक होते, पण काही सुटत नाही.

नावाचा तुकडाच आठवत असेल तर \डीटी *पावत* असंही चालतं. व्ह्यूज (टेबलासारख्या दिसणाऱ्या, साठवून ठेवलेल्या क्वेरी) बघायला \डीव्ही, टेबलाचा आकार डिस्कवर किती आहे ते बघायला \डीटी+. महिन्यागणिक पार्टिशन केलेलं, म्हणजे तुकडे पाडून ठेवलेलं टेबल असेल तर \डीटी मध्ये प्रत्येक महिन्याचं वेगळं नाव येऊन यादी भरून जाते, तेव्हा \डीपीटी वापरा, त्यातला पी कॅपिटल, म्हणजे फक्त मूळ पार्टिशन केलेली टेबल्स येतात.

यादी एका स्क्रीनपेक्षा मोठी झाली की खाली कोपऱ्यात कोलन (:) किंवा "एंड" असं दिसतं आणि प्रॉम्प्ट परत येत नाही. हँग झालेलं नाही, तो पेजर आहे. क्यू दाबा, बाहेर येता. नकोच असेल तर \पीसेट पेजर ऑफ.

५. कॉलम्स, आणि त्याखाली जे असतं ते

\डी आणि टेबलाचं नाव. एवढंच. पण याचं आउटपुट वाचायला शिकणं हे या लेखातलं सर्वात महत्त्वाचं काम आहे, कारण बहुतेक जण वरची कॉलम्सची नावं बघतात आणि खालचं सोडून देतात.

उदाहरण घेऊ. एका हाउसिंग सोसायटीचा डेटाबेस आहे, त्यात सभासद, सदनिका आणि पावत्या अशी तीन टेबल्स आहेत. (पोस्टग्रेसमध्ये टेबलाला खरोखर देवनागरी नाव देता येतं, चालतं. फक्त नावाची मर्यादा ६३ बाइट्सची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षर, काना-मात्रा वेगळे धरून, ३ बाइट्स खातं, म्हणजे २१ अक्षरं झाली की संपलं, पुढचं तो कापून टाकतो आणि तशी नोटीस देतो.) \डी पावत्या मारलं की ढोबळपणे असं दिसेल:

कॉलम | टाइप | नलेबल
क्रमांक | इंटिजर | नॉट नल
सदनिका_क्रमांक | इंटिजर | नॉट नल
रक्कम | न्यूमरिक(१०,२) | नॉट नल
भरल्याची_तारीख | डेट |

आता यातून काय काय कळतं बघा. रक्कम न्यूमरिक(१०,२) आहे, म्हणजे पैसे दोन दशांशांपर्यंत अचूक ठेवलेत, चांगलं आहे. भरल्याची_तारीख पुढे नॉट नल नाही, म्हणजे ती रिकामी राहू शकते, म्हणजे न भरलेल्या पावत्याही याच टेबलात असणार हे जवळजवळ नक्की, आणि तुम्ही एकूण वसुली काढायला नुसती रकमेची बेरीज मारलीत तर न आलेले पैसेही त्यात धरले जातील. हे एका रिकाम्या रकान्यावरून कळलं.

त्याखाली इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या सूची) असतात, प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम, कुठली ते तिथे. त्याखाली फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम: सदनिका_क्रमांक हा सदनिका टेबलाच्या क्रमांकाला जोडलेला. आणि सर्वात खाली "रेफरन्स्ड बाय", म्हणजे दुसरी कुठली टेबल्स या टेबलावर अवलंबून आहेत. नवीन डेटाबेसचा नकाशा डोक्यात बसवायचा तर या दोन याद्यांवरूनच बसतो. मी नेहमी ज्या टेबलाकडे सर्वात जास्त "रेफरन्स्ड बाय" आहेत तिथून वाचायला सुरुवात करतो, कारण तेच बहुधा मध्यवर्ती टेबल असतं.

\डी+ दिलं तर कुणी कॉलमवर कॉमेंट लिहून ठेवली असेल तर तीही दिसते.

डेटा चाळताना कॉलम्स खूप असतील आणि ओळी तुटून स्क्रीनवर काला झाला असेल तर \एक्स मारा, प्रत्येक कॉलम वेगळ्या ओळीवर येतो. मराठी मजकूर असला की टर्मिनलवर उभ्या रेषा हमखास वाकड्यातिकड्या दिसतात, काना-मात्रांची रुंदी मोजण्यात गडबड होते, डेटा खराब झालेला नसतो. तिथेही \एक्स बरा पडतो. विंडोजवर असाल तर पीएसक्यूएल सुरू करण्याआधी सीएचसीपी ६५००१ टाका.

आणि टेबलात किती ओळी आहेत ते बघायला लाइव्ह डेटाबेसवर लगेच काउंट(*) मारू नका. मोठ्या टेबलावर पोस्टग्रेसला त्यासाठी खूप वाचावं लागतं आणि वेळ जातो. अंदाज पुरत असेल तर पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पीजी_क्लास या टेबलातला रेलटपल्स हा कॉलम बघा.

६. टेबल आहे पण सापडत नाही, तेव्हा या क्रमाने तपासा

पहिलं \कॉनइन्फो, डेटाबेस बरोबर आहे का. दुसरं \डीटी *.* मारून कुठल्या दुसऱ्या स्कीमात आहे का.

तिसरं कॅपिटल-स्मॉल. पोस्टग्रेस अवतरण चिन्हाशिवाय लिहिलेलं प्रत्येक नाव स्मॉल करून घेतो. एखाद्या फ्रेमवर्कने टेबल बनवताना पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं असेल तर यादीत ते तसंच दिसतं, तुम्हीही बघून तसंच टाइप करता, आणि तरी "असं टेबल नाही" म्हणतो! डोळ्यांसमोर दिसतंय आणि नाही म्हणतोय, वैताग येतो. उपाय म्हणजे नाव डबल कोट्समध्ये टाका. सिंगल कोट्स चालत नाहीत, ते मजकुरासाठी असतात.

चौथं परमिशन. पोस्टग्रेसमध्ये \डीटी ला टेबल दिसतं पण सिलेक्ट केलं की "परमिशन डिनाइड" येतं असं होऊ शकतं, कारण नाव दिसणं आणि आतला डेटा वाचता येणं वेगळं आहे. \डीपी, दोन्ही स्मॉल, मारून कुणाला काय अधिकार आहेत ते दिसतं, मग अॅडमिनला नेमकं सांगता येतं की मला या टेबलावर सिलेक्ट हवंय.

७. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी

मायएसक्यूएल -एच होस्ट -यू युजर -पी डेटाबेस. इथे यू स्मॉल. पी स्मॉल म्हणजे पासवर्ड, पी कॅपिटल म्हणजे पोर्ट. आणि हा सापळा लक्षात ठेवा: -पी नंतर स्पेस देऊन पासवर्ड लिहिलात तर तो त्याला डेटाबेसचं नाव समजतो. नुसतं -पी द्या, तो विचारेल.

मोठ्या डेटाबेसवर आत शिरताना तो "टेबल्सची माहिती वाचतोय" म्हणून बराच वेळ थांबतो, -ए कॅपिटल दिलं की ते टळतं, मात्र मग टॅब दाबून नाव पूर्ण करायची सोय जाते.

आत गेल्यावर: शो डेटाबेसेस; मग यूज आणि डेटाबेसचं नाव; मग शो टेबल्स; मग डिस्क्राइब पावत्या; (प्रत्येकीच्या शेवटी अर्धविराम). इथे स्कीमा आणि डेटाबेस ही एकच गोष्ट आहे, त्यामुळे मधली पायरी नाही. मारियाडीबीचा प्रॉम्प्ट चौकटी कंसात डेटाबेसचं नाव दाखवतो, मायएसक्यूएलचा आपणहून दाखवत नाही, म्हणून सिलेक्ट डेटाबेस(); मारून खात्री करा.

शो टेबल्स मध्ये व्ह्यूजही मिसळून येतात. वेगळे ओळखायचे तर शो फुल टेबल्स; मारा, मग पुढे टाइप येतो. डिस्क्राइब मध्ये फॉरेन की कुठे जोडलीय ते कळत नाही, त्यासाठी शो क्रिएट टेबल पावत्या\जी वापरा, जी कॅपिटल, शेवटी अर्धविराम नको. मला विचाराल तर डिस्क्राइब सोडून सरळ हेच वापरा, सगळं एका जागी मिळतं.

लिनक्सवर टेबलाच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक सहसा धरला जातो, विंडोजवर नाही. म्हणून लॅपटॉपवर चाललेली क्वेरी सर्व्हरवर पडते. आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर सेट नेम्स यूटीएफ८एमबी४; टाकून पुन्हा बघा. तरीही प्रश्नचिन्हंच असतील तर बहुधा डेटा साठवतानाच बिघडलाय.

८. एसक्यूलाइट

इथे सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, एकच फाइल. फायरफॉक्स तुमची हिस्टरी अशाच फाइलमध्ये ठेवतो, मोबाइल अॅप्सही वापरतात.

एसक्यूलाइट३ -रीडओन्ली आणि फाइलचं नाव. मग .टेबल्स ने यादी, .स्कीमा पावत्या ने ते टेबल कसं बनवलं ती पूर्ण कमांड. सुरुवातीचा टिंब ओळीच्या अगदी पहिल्या जागी हवा, अर्धविराम नको. कॉलम्स ओळीने हवे असतील तर प्राग्मा टेबल_इन्फो(पावत्या);

सापळा एकच पण मोठा: फाइलचं नाव किंवा पाथ चुकला तर एसक्यूलाइट सहसा एरर देत नाही, त्या नावाचा नवीन रिकामा डेटाबेस उघडून देतो. मग .टेबल्स मारलं की काहीच नाही, आणि माणूस घाबरतो की डेटा उडाला. वर -रीडओन्ली लिहायला सांगितलं ते यासाठीसुद्धा. .डेटाबेसेस मारून फाइलचा पूर्ण पाथ बघून घ्या.

आणि कॉलमचा टाइप इंटिजर लिहिलाय म्हणून आत आकडेच असतील असं धरू नका, साध्या टेबलात तो मजकूरही ठेवून घेतो.

९. कॉलमच्या नावावरून टेबल शोधायचं असेल तर

मोबाइल नंबर कुठल्या टेबलात आहे? हा प्रश्न रोज पडतो आणि \डी ने प्रत्येक टेबल उघडून बघणं शक्य नसतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हीकडे इन्फॉर्मेशन_स्कीमा आहे, तिथे साधी क्वेरी चालते:

सिलेक्ट टेबल_स्कीमा, टेबल_नेम, कॉलम_नेम, डेटा_टाइप
फ्रॉम इन्फॉर्मेशन_स्कीमा.कॉलम्स
व्हेअर कॉलम_नेम लाइक '%मोबाइल%';

दोन गोष्टी सांभाळा. मायएसक्यूएलमध्ये ही सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसमधून शोधते, म्हणून अँड टेबल_स्कीमा = डेटाबेस() जोडा; पोस्टग्रेसमध्ये फक्त चालू डेटाबेसमधून शोधते. आणि इथे तुम्हाला परमिशन असलेलीच टेबल्स येतात, त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये \डीटी ची यादी लांब आणि ही यादी तोकडी असं दिसलं तर फरक परमिशनचा आहे.

एसक्यूलाइटमध्ये इन्फॉर्मेशन_स्कीमा नाही, तिथे एसक्यूलाइट_मास्टर नावाचं टेबल आहे, त्यातला एसक्यूएल हा कॉलम शोधा.

शिकायची इच्छा असेल तर पीएसक्यूएल सुरू करताना -ई द्या, ई कॅपिटल. मग \डीटी किंवा \डी मारलं की तो मागे कुठली क्वेरी चालवतो तीही छापतो.

१०. यादी फाइलमध्ये उतरवून घ्या

आत न शिरता एकाच ओळीत काम होतं. पोस्टग्रेससाठी नेहमीच्या कमांडला शेवटी -सी आणि कोट्समध्ये '\डी *' जोडा आणि > चिन्ह देऊन फाइलचं नाव. सिंगल कोट्स विसरू नका, नाहीतर शेल तो बॅकस्लॅश आणि तारा स्वतःच खाऊन टाकतो. वरची इन्फॉर्मेशन_स्कीमाची क्वेरी एक्सेलमध्ये न्यायची असेल तर --सीएसव्ही जोडा, पोस्टग्रेस १२ पासूनच्या पीएसक्यूएलमध्ये चालतं. मायएसक्यूएलमध्ये -सी च्या जागी -ई, स्मॉल.

फाइलच्या नावात डेटाबेसचं नाव आणि तारीख टाका, कारण दोन महिन्यांनी कुणीतरी कॉलम वाढवतं आणि मग दोन याद्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. फाइल बनल्यावर एकदा उघडून बघा, काही वेळा आत तुमची टेबल्सच नसतात, तेव्हा पुन्हा पायरी ६ वर जा.

बाहेर पडायला पोस्टग्रेसमध्ये \क्यू, मायएसक्यूएलमध्ये एक्झिट, एसक्यूलाइटमध्ये .क्विट.